पवन्याच्या दोन होळ्या

सर गेले तेव्हा आमच्या डोंगरकडा गावच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. सरांचा हसरा फोटो, गळ्यात लाल नाडीची शिट्टी, आणि शेजारी त्यांचा कुत्रा, अंगावर आरशांची लाल झूल घातलेला. खाली लिहिलेलं, ‘मुक्या जिवांचा कैवारी हरपला’. माझं शिलाईचं दुकान त्या फ्लेक्सच्या बराबर समोर. सकाळी शटर वर केलं की सर माझ्याकडे बघून हसायचे, आणि माझं डोकं जे फिरायचं ते दुपारच्या चहापर्यंत ठिकाणावर यायचं नाही.

त्यात गिऱ्हाइकं. ब्लाउज टाकायला आलेली प्रत्येक बाई फ्लेक्सकडे बघून हळहळायची. “लई दयाळू माणूस होता वं. कुत्र्याला लेकरावानी जपलं.” एक जण म्हणाली, “तुमी तर त्यांच्या लाडक्या होत्या ना, ताई?” मी म्हटलं, “लाडका कुत्रा होता, बाई. मी नुसती पळणारी होते.” तिला वाटलं मी गंमत करून राहिले. ती हसली, आणि मी तिच्या ब्लाउजची बाही उसवायच्या नादात नव्या कापडालाच कात्री लावून बसले.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नको, असं घरातले मला बजावतात. काहून बोलू नको? मेल्यानं माणूस धुऊन निघतो का? तो जसा होता तसाच होता. आणि मला आणखी चीड कशाची येते सांगू? इतकी वर्षं झाली, इतका राग आहे, तरी त्यांना अरे-तुरे करायला जीभ वळत नाही. सर ते सर.

सर आमच्याच तांड्यातले. तांड्यातला शिकून मास्तर झालेला पहिला माणूस. शाळेत पीटी शिकवायचे. पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि ते पांढरेच दिसावेत म्हणून रोज सकाळी त्यांना शाळेतला खडू घासायचे. लग्नाला तेच बूट, मयतीला तेच बूट. खुर्चीवर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नाही. स्टाफरूममध्ये बाकीचे मास्तर चहा पित बसायचे आणि सर खिडकीपाशी उभ्याउभ्या भिजवलेले हरभरे चघळायचे. शिट्टी तर त्यांच्या तोंडाचाच एक अवयव होती. तांड्यात कुणाच्या लग्नाची पंगत बसायची असली की सर शिट्टी मारून माणसं ओळीत बसवायचे. एकदा नवरदेवालाही त्यांनी शिट्टी मारून सरळ उभं केलं होतं.

दुनियेतल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. “पळ, मोकळं होते.” कुणाचं डोकं दुखलं, पळ, मोकळं होते. पोट गच्च झालं, पळ. गणिताच्या मास्तरांची बायको माहेरी निघून गेली, ते बिचारे कपाळाला हात लावून बसलेले, तर सर त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मास्तर, दोन राउंड मारा. मोकळं होते.” सगळी शाळा हसली. मीही पोट धरून हसले होते. तेव्हा ते औषध अजून माझ्या वाट्याला यायचं होतं.

खोटं कशाला बोलू, सर नसते तर मी सातवीतच शाळेतून घरी बसले असते. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता. हिंगोलीचा जिल्हा पुढं झाला. आमच्या तांड्यातल्या पोरी सातवी झाली की ऊसतोडीला तरी जायच्या नाहीतर सासरी. एका सकाळी मी शेळीमागं पळत होते. सर सायकलवरून उतरून बघत उभे राहिले. शेळी सापडेपर्यंत हलले नाहीत. तिथून तडक आमच्या घरी आले आणि बापूला म्हणाले, “हिचे पाय मला द्या. पोरीला पोलिसात लावून देतो.”

याडी, म्हणजे माझी आई, चुलीपुढून म्हणाली, “पाय तुमाला दिल्यावर पोरीनं चालायचं कशानं, सर?”

सगळे हसले. बापूनं मान डोलावली. खाकी कपड्यातली लेक त्याच्या डोळ्यांपुढं तिथंच उभी राहिली असणार. माझ्याही राहिली. तालुक्याला पहिली, मग जिल्ह्याला पहिली, मग खेळाचं सरकारी वसतिगृह, मग भरती. सरांनी बोटांवर मोजून हिशेब सांगितला होता आणि तो हिशेब मला झोपेतही पाठ होता. आमच्या घरात दुसरा कुठलाच हिशेब असा पुढं जाणारा नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सरांनी पवन्या आणला. कारवानी जातीचं पिल्लू, सदऱ्याच्या आत घालून आणलेलं. तांड्याला कुत्र्याचं कौतुक उपजतच. आमची म्हातारी माणसं सांगायची, तांडा बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचा तेव्हा पिल्लांना गोणीत घालून बैलाच्या पाठीवर न्यायचे. मोठी कुत्री बैलांबरोबर पळायची. पिल्लू मात्र दोन होळ्या पाहिल्याशिवाय खाली सोडायचे नाहीत. तांड्यातल्या कुत्र्या दिवाळीच्या आगंमागंच वितात, त्यामुळं सगळ्या पिल्लांचा हिशेब एकच. पहिल्या होळीला ते नुसतं गोजिरवाणं असतं. पावसाळ्यात एकदम पाय फुटतात, ताडमाड होतं, आणि बघणाऱ्याला वाटतं झालं तयार. इथंच माणूस फसतो. त्याला सशामागं सोडतो, गाडीमागं पळवतो, आणि पुढच्या साली ते मागचा पाय ओढत फिरतं. म्हणून दुसरी होळी पेटेपर्यंत थांबायचं. अंगणात हुंदडलं तर हुंदडू द्यायचं, दमलं की झोपू द्यायचं, पण आपल्या चालीनं लांब पळवायचं नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

सर तर या बाबतीत कडक सोवळ्यातले. त्यांनी सायकलच्या कॅरियरवर केळीच्या वखारीतलं एक लाकडी खोकं ठोकून घेतलं, त्यात गोधडी अंथरली आणि पवन्याला त्यात बसवलं. मग आमची वरात निघायची. उजाडताना तांड्यातून डांबरी सडकेनं वारंगा फाट्याकडं. पुढं मी, मागं सायकलवर सर, सरांच्या मागं खोक्यात पवन्या. सुरुवातीला आणखी चार-पाच पोरी होत्या. कुणाचं लग्न ठरलं, कुणी ऊसतोडीला गेली. उरले मी. मी अनवाणी, कारण बुटानं पाय नाजूक होतात असं सरांचं मत. बाजूनं केळीचे ट्रक जायचे. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून बघायचे, पोरगी पळते आणि कुत्रं नवरदेवावानी बसून चाललंय. त्यांना हसू यायचं. तेव्हा ते बरोबरच हसत होते.

पावसाळा आला तसा पवन्याला पाय फुटले. खोक्यात मावेना. पाय एका बाजूनं बाहेर, शेपूट दुसऱ्या बाजूनं. तरी सर त्याला खाली उतरू देत नव्हते. रोज रात्री तिळाच्या तेलानं त्याचे पाय चोळायचे. त्याला मटणाच्या नळ्यांचा रस्सा, मला भिजवलेले हरभरे. एकदा बापूच म्हणाला, “सर, कुत्रं वाघाएवढं झालं की. पळवा आता पोरीसंगं. दोघंबी तयार होतील.”

सर खवळले. “तुमी तांड्याची माणसं असून असं बोलता? वरून कुत्रं झालं, आत अजून पिल्लूच हाय. हाडं कच्ची हायेत त्याची. आता पळवलं तर जन्माचं अधू होईन. थांबाव लागते, बापू. वाढणाऱ्या जिवाला टाइम द्याव लागते.”

बापूनं कान पकडले. बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथंच ओट्यावर बसले होते, गुडघ्याला ओला फडका बांधून. मी तेरा वर्षांची होते, आणि त्या पावसाळ्यात मलाही पाय फुटले होते. परकर वीतभर आखूड झाला होता. गुडघ्याच्या खाली, नळीच्या वरच्या टोकाला, टेंगूळ आलं होतं. उकिडवं बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. त्या ओट्यावर दहा-बारा शहाणी माणसं होती. एकाच्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही. आता आठवलं की मला उठून एकेकाला हलवावंसं वाटतं. अरे, बघा ना इकडं! मी इथंच बसले आहे!

टेंगूळ मी सरांना दाखवलं होतं. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं, मी किंचाळले, ते म्हणाले, “वाढीचं दुखणं हाय. पळ, मोकळं होते.” मग याडी शाळेत गेली. ती शाळेच्या फाटकाच्या आत पहिल्यांदाच जात होती. पदर सारखा करून म्हणाली, “सर, पोरीचा गुडगा सुजला. चार दिस राहू द्या.” सर म्हणाले, “याडी, तालुक्याला पहिली आली तुमची लेक. आता जिल्हा तोंडावर आलाय, अन् तुमी राहू द्या म्हणता? पोरगी नाटकं करून राहिली.” याडी घरी आली आणि हळद गरम करायला बसली. मास्तरापुढं ती तरी किती बोलणार होती.

आता ती सकाळ सांगते. जिल्ह्याच्या शर्यतीच्या आधीची. धुकं होतं. मी कशीबशी लय पकडली होती. तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला. पवन्यानं खोक्यातून उडी मारली होती, आणि दोन ढांगांत तो माझ्या बाजूला आला. कान मागं, जीभ बाहेर, सारखा माझ्या तोंडाकडं बघत. इतके महिने तो मला पाठमोरी बघत होता, आता त्याला बरोबर यायचं होतं. काय सांगू तुम्हाला! मी गुडघा विसरले. मी हसत पळत होते. पळण्यात मजा असते हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. पुढच्या पुलापर्यंत आम्ही दोघं पळालो असू.

मागून शिट्टी सुरू झाली. एकसारखी. सर सायकल टाकून धावत आले. त्यांनी आधी पवन्याला मिठीत घेतलं, सडकेवरच फतकल मारून त्याचे चारी पाय चाचपले, एकेक सांधा दुमडून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग उठले आणि मला कानफटात मारली.

“त्याला पळवलं तू? कळते का तुला? हाडं कच्ची हायेत त्याची!”

मी म्हटलं, “सर, तोच आला.”

“तू थांबायचं होतं. तो थांबला असता.” मग त्यांनी पवन्याला उचलून खोक्यात ठेवलं, गोधडी नीट केली आणि मला शिक्षा सुनावली. फाट्यापर्यंत पळत जायचं आणि परत यायचं, न थांबता.

मी गेले आणि आले. कच्च्या हाडाच्या कुत्र्याला पळवल्याबद्दल मी पळून शिक्षा भोगली. पवन्या खोक्यातून कुंईकुंई करत होता. तेवढ्या एकट्यालाच वाईट वाटत होतं.

परभणीच्या मैदानावर मी सरांना शेवटचं सांगितलं. “सर, दुखतंय. लई दुखतंय.” त्यांनी स्वतःचा रुमाल माझ्या गुडघ्याखाली करकचून बांधला. काय म्हणाले ते सांगायलाच नको. दोन फेऱ्या मी पुढं होते. तिसऱ्या फेरीच्या वळणावर आत काहीतरी टक्कन तुटलं. मी तोंडावर पडले. लाल माती दातांत गेली. कडेला सर उभे होते, शिट्टी तोंडात. ओरडले, “उठ! मागची लांब हाय अजून! उठ!” आणि मी उठले. हीच तर सगळ्यात वाईट गोष्ट आहे. त्यांच्या आवाजाची इतकी सवय होती की मोडलेल्या पायावर मी उठले, दोन पावलं टाकली, आणि मग पडले ती पडलेच.

त्या रात्री सर तेलाची बाटली घेऊन घरी आले. पवन्याचं तिळाचं तेल. म्हणाले, “चोळा, आठ दिवसांत पळंल.” आठ दिवस आम्ही चोळलं. पोटरी काळीनिळी पडली तेव्हा बापूनं मला ट्रकमध्ये घालून नांदेडला नेलं.

हाडांच्या डॉक्टरनं फोटो दिव्यापुढं धरला. म्हणाला, “नळीच्या टोकाचा तुकडा निघालाय. हाड अजून कच्चं होतं तिचं. वाढत्या वयात इतकं पळवतात का? दुखत होतं तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं. थोडं वाढू द्यायचं होतं पोरीला.”

बापू हात जोडून, मोठ्या अभिमानानं म्हणाला, “व्हय डॉक्टरसाहेब. कुत्र्याच्या पिल्लाला तर आमी दोन होळ्या...”

हात जोडलेलेच राहिले. तो डॉक्टरकडं बघेना, माझ्याकडं बघेना, भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं बघत राहिला. त्यानंतर मरेपर्यंत बापूनं घरात कुत्रं पाळलं नाही. त्याच्यावरचा माझा राग तिथंच संपला. सरांवरचा नाही संपला, कारण सर बघायलाही आले नाहीत. आमच्या घरावरून त्यांची सायकल रोज जायची.

पाय बरा झाला तो सरळच्या सरळ. वाकायचा नाही. प्लास्टर कापून दुसरं घातलं, मग तिसरं. त्यातच होळी आली, पवन्याची दुसरी. आमच्या तांड्याची होळी म्हणजे काय सांगावं! हलगी, लेंगीची गाणी, बायकांचे आरशांचे घागरे. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्या तांड्याला नदीकडच्या मोकळ्या रानात बोलावलं. मला बाजेवर घालून चौघांनी नेलं. मला जायचं नव्हतं. कुणी विचारलं नाही.

सरांनी पवन्याच्या गळ्यातली दोरी सोडली, तोंडातली शिट्टी काढली आणि नुसतं म्हणाले, “जा, बेटा.”

तो गेला. मी रागानं डोळे मिटणार होते, मिटले नाहीत. जमिनीला त्याचे पाय लागतात की नाही तेच समजत नव्हतं. नदीपर्यंत गेला, वळला, आला, परत गेला. माणसं आरडाओरडा करत होती. सर लहान पोरासारखे रडत होते आणि ओरडत होते, “बघा! थांबलं की काय होते, बघा!” मग पवन्या सगळी माणसं सोडून माझ्या बाजेपाशी आला, प्लास्टर हुंगलं, आणि खाली बसून माझी वाट बघायला लागला. त्याला वाटलं, मी उठणार. मी त्याच्या मानेत तोंड घालून रडले. लोकांना वाटलं आनंदानं.

पोलीसभरती राहिली. बापूनं वासरांची जोडी विकून शिलाई मशीन घेऊन दिली. पायाची मशीन मला एका पायानं जमेना, तेव्हा मोटर बसवली. सर आणि मी एकाच चौकातून इतकी वर्षं जात-येत राहिलो. समोर आले की ते घड्याळात बघायचे.

मग एका थंडीत सर माझ्या दुकानात आले. केस पांढरे, बूट तसेच पांढरे. बरोबर पवन्या, म्हातारा, तोंडावर पांढरं आलेलं. सर उभ्यानंच म्हणाले, “याला थंडी वाजून राहिली. एक झूल शिवून दे. गरम अस्तर लाव. आपल्या बायकांच्या घागऱ्यावर असतात तसे आरसे लाव.”

मी टेप घेऊन उठले. माझं उठणं सगळ्या डोंगरकड्याला माहीत आहे. आधी मशीनला धरायचं, मग सरळ पाय बाजूनं फिरवायचा, मग उभं राहायचं. सरांनी ते पाहिलं. सरळ पाय बाजूला पसरून मी खाली बसले आणि पवन्याचं माप घेतलं, पाठ, छाती, मान. तो माझा हात चाटत होता. कुत्र्याचा काय दोष.

“दहा वर्षांचा झाला,” सर म्हणाले. “आजबी सशाला सोडत न्हाई. एक दिवस लंगडला न्हाई. बघ पाय. बघ ना. दोन होळ्या थांबलो की मी.”

मी खाली बसलेलीच होते. टेप बाजूला ठेवला. म्हटलं, “सर, याला दोन होळ्या थांबलात. मला काहून नाही थांबलात?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. क्षणभर विचार करून त्यांनी मला समजावून सांगितलं, वर्गात सांगायचे तसं, प्रेमानं. “अगं, हा मुका जीव. याला दुखलं तर सांगता येते का? म्हणून याला जपाव लागते. माणसाचं तसं नसते. माणसाला दुखलं तर माणूस तोंडानं सांगते.”

“मी सांगितलं होतं, सर.”

चौकातून केळीचा ट्रक गेला. त्यांचा हात गळ्यातल्या शिट्टीकडं गेला आणि तिथंच राहिला. माझ्या पायाकडं त्यांनी पाहिलं असतं, नुसतं पाहिलं असतं, तरी मी पुढं कधीतरी त्यांना सोडून दिलं असतं. ते वाकले आणि पवन्याचा पुढचा पाय हातात घेऊन सांधा चाचपायला लागले.

“झूल बाजाराच्या दिवसापर्यंत होईन ना?” त्यांनी विचारलं.